उघड्या मुळांचे गुलाब : निवड आणि खरेदी

पानगळीनंतर सुप्तावस्थेत गेलेले गुलाबाचे झाड शेतातून उपटून, मुळांवरची माती झाडून किंवा धुऊन, कुंडी वा पिशवीशिवाय विकले जाते, तेव्हा त्याला उघड्या मुळांचा किंवा बेअर रूट गुलाब म्हणतात. थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांत गुलाबविक्रीची ही जुनी व आजही रूढ असलेली रीत आहे. उत्तर गोलार्धात अशी रोपे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात मिळतात. जेथे हिवाळा सौम्य असतो आणि झाडाला खरी विश्रांती मिळत नाही, तेथे मात्र पिशवीतली किंवा कुंडीतली कलमेच अधिक भरवशाची ठरतात.

सुप्त झाडाच्या काड्यांत आणि मुळांत अन्नाचा साठा असतो व पाने नसल्यामुळे बाष्पोच्छ्वास फार कमी होतो. म्हणून मुळे ओलसर आणि तापमान गोठणबिंदूच्या किंचित वर राखले, तर हे झाड मातीविना अनेक आठवडे तग धरते. ऊब लागताच काड्यांवरचे डोळे, म्हणजे सुप्त अंकुर, फुगू लागतात आणि साठा खर्च होऊ लागतो, पण पाणी शोषणारी नवी मुळे अजून फुटलेली नसतात. हंगाम इतका आखूड असण्याचे कारण हेच आहे. माती नसल्यामुळे रोप हलके असते, दूरवर पाठवता येते, कुंडीतल्या रोपापेक्षा स्वस्त पडते आणि वाणांची निवड कितीतरी मोठी मिळते. या सर्वांहून मोठा लाभ असा की ग्राहकाला झाडाची मुळे डोळ्यांनी पाहता येतात.

बाजारात येणारे रोप बहुधा दोन वर्षांच्या मेहनतीचे असते. आधी जंगली किंवा अर्धजंगली गुलाबाचा खुंट, म्हणजे ज्याची मुळे कलमाला वापरायची ते रोप, लावतात, उन्हाळ्यात त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन हव्या त्या वाणाचा डोळा भरतात, पुढच्या हिवाळ्याअखेरीस डोळ्याच्या वरचा खुंट छाटतात आणि एक हंगाम वाढू देऊन शरद ऋतूत रोप उपटतात. वरचे झाड एका जातीचे आणि मूळ दुसऱ्याच जातीचे असल्यामुळे खुंट कोणता, हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. तो फार थोडे ग्राहक विचारतात. रोझा मल्टिफ्लोरा थंडी सोसतो आणि आम्लधर्मी जमिनीत जोमदार वाढतो, पण चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. ‘डॉ. ह्यूई’ हा अमेरिकेत विपुल वापरला जाणारा खुंट अल्कधर्मी जमिनीत चांगला चालतो. कलम मेल्यावर अनेक बागांत अचानक दिसणारी गडद लाल फुले त्याचीच असतात. उष्ण प्रदेशातील रेताड, सूत्रकृमीग्रस्त (मुळांना इजा करणारे सूक्ष्म कृमी असलेल्या) जमिनीत रोझा फॉर्च्युनियाना सरस ठरतो, मात्र तो कडक थंडीत टिकत नाही. यूरोपात रोझा कॅनिना आणि लॅक्सा हे खुंट परिचित असून लॅक्साला जमिनीतून जंगली फुटवे, म्हणजे खुंटाचे स्वतःचे कोंब, कमी येतात. काही वाण स्वतःच्याच मुळांवर वाढवूनही विकले जातात. त्यांना जंगली फुटव्यांचा त्रास नसतो, पण सुरुवातीची वाढ बहुधा संथ असते.

वाण निवडताना फुलाचे छायाचित्र हा सर्वांत दुबळा पुरावा होय. झाड किती उंच व रुंद होईल, एकदाच फुलेल की हंगामभर, आणि काळे ठिपके, भुरी व तांबेरा या रोगांना कितपत तोंड देईल, हे आधी पाहावे. रोज किमान सहा तास ऊन नसलेल्या जागेसाठी तर बहुतेक वाण बादच करावेत. जर्मनीतील एडीआर या नव्या गुलाबवाणांच्या चाचणीत 1997 पासून गुलाबांवर कीडनाशके व बुरशीनाशके फवारली जात नाहीत, त्यामुळे ती मानांकने रोगप्रतिकाराविषयी बरेच सांगून जातात. नावांचा गोंधळही ध्यानात ठेवावा लागतो. फ्रान्समध्ये ‘मादाम ए. मेयाँ’ असलेला गुलाब जर्मनीत ‘ग्लोरिया डेई’ आणि इंग्रजी भाषक जगात ‘पीस’ आहे. अलीकडच्या वाणांना व्यापारी नावाखेरीज एक सांकेतिक नाव असते आणि त्याच्या पहिल्या अक्षरांवरून पैदासकार कोण ते कळते. ‘आइसबर्ग’चे असे नाव ‘कॉरबिन’, म्हणजे कॉर्डेस या जर्मन पैदासकारांचा गुलाब. खरेदीच्या नोंदीत हे नाव असलेले उत्तम. पेटंट संरक्षण असलेल्या वाणांची किंमत जास्त असते. अमेरिकेत वनस्पतीला दिलेले पहिलेच पेटंट 1931 मध्ये ‘न्यू डॉन’ या वेली गुलाबाला मिळाले.

रोप हाती घेतल्यावर परीक्षा मुळांपासून करावी. मुळे अनेक दिशांना पसरलेली, लवचिक आणि बारीक तंतूंनी युक्त असावीत. पाकिटात बसावीत म्हणून खुंटीएवढी छाटलेली, ठिसूळ किंवा बुळबुळीत मुळे असलेले रोप स्वस्त असले तरी महागच पडते. मुळांवर किंवा जोडापाशी (जेथे डोळा खुंटाला जुळतो तेथे) खडबडीत गाठ असेल, तर ती अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूमुळे होणाऱ्या गाठीरोगाची खूण असू शकते. असे रोप परत करावे, कारण बागेच्या जमिनीत शिरलेला हा रोग काढणे फार अवघड जाते. जोड घट्ट व भरलेला हवा. काड्या जाड, हिरव्या किंवा तांबूस, न सुरकुतलेल्या असाव्यात. नखाने साल किंचित खरवडली असता खाली ओलसर हिरवा थर दिसला पाहिजे. काड्यांवर मेणाचा लेप असतो तेव्हा ही खूण पाहणे कठीण होते, म्हणून वजन आणि मुळे यांवरच अधिक विसंबावे. पांढुरके लांब कोंब फुटलेले रोप उबेत साठवले गेलेले असते. अमेरिकी प्रतवारीत प्रथम प्रतीच्या हायब्रिड टी (लांब दांड्यावर मोठी फुले देणाऱ्या गुलाबप्रकाराच्या) रोपाला किमान तीन दमदार काड्या असाव्या लागतात. विषाणुजन्य मोझेक, म्हणजे पानांवर पिवळट नक्षी उमटवणारा रोग, मात्र निष्पर्ण झाडावर दिसत नाही. विषाणुमुक्त मातृवृक्षांचे डोळे वापरणारी रोपवाटिका निवडणे एवढाच त्यावर उपाय आहे.

मागणी हंगामाआधीच नोंदवणे श्रेयस्कर, कारण नामांकित वाण लवकर संपतात, आणि रोप पोहोचवण्याची तारीख आपल्या जमिनीची स्थिती पाहून ठरवावी. रोप आल्यावर लगेच उघडून मुळे काही तास, फार तर एक दिवस, पाण्यात बुडवून ठेवावीत आणि तुटलेली मुळे स्वच्छ कापावीत. थंड प्रदेशात जोड जमिनीखाली सुमारे 5 सेंमी. पुरतात, तर उबदार प्रदेशात तो पृष्ठभागालगत किंवा किंचित वर ठेवतात. ज्या जागी नुकताच जुना गुलाब काढला असेल तेथे नवा लावू नये; लावायचाच असल्यास खड्ड्यातील माती बदलावी. जमीन गोठलेली किंवा चिखलाची असेल, तर सावलीतल्या चरात रोप तिरके ठेवून मुळे मातीने झाकावीत आणि जमिनीला वापसा येईपर्यंत, म्हणजे ती काम करण्याजोगी होईपर्यंत, ती ओलसर राखावीत.