मारिओ म्हातारा झाला, की टीव्ही बदलला?

"मामा, हा ऐकतच नाही. मी उडी मारतो आणि हा खड्ड्यात जाऊन पडतो."

चतुर्थीला फोंड्याच्या घरी जमलेल्या भाचरांपैकी एकाची ही तक्रार. समोर भिंतीवर भला मोठा नवा टीव्ही, त्याला जोडलेला जुन्या खेळांचा स्वस्तातला संच आणि पडद्यावर १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. मागे बसलेल्या मोठ्यांनी निकाल देऊन टाकला: जुना खेळ तो, आता त्यात काय उरलंय! मला हा निकाल मुळीच मान्य नाही. पोराची तक्रार अगदी खरी होती, पण दोष खेळाचा नव्हता.

आधी खेळाकडे पाहू. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा हा अख्खा खेळ, ३२ टप्पे, शत्रू, संगीत सगळं धरून, ४० किलोबाइटांत मावतो. मोबाइलवर आलेला एखादा साधा फोटोही याहून जड असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांना एकच चित्र वापरलंय, फक्त रंग वेगळा. एवढ्या काटकसरीतही निर्मात्यांनी एका गोष्टीत हात आखडता घेतला नाही, ती म्हणजे उडी.

आपण दगड वर फेकला की चढताना आणि उतरताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षण सारखंच काम करतं. मारिओच्या जगात गुरुत्वाकर्षणं दोन आहेत. उभ्या जागी उडी मारली की तो दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या प्रत्येक चित्रागणिक, ४ पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) या वेगाने सुटतो. बटण दाबून धरलंत, तर हा वेग दर फ्रेमला फक्त ०.१२५ ने कमी होतो. बटण सोडलंत किंवा तो खाली यायला लागला, की तोच आकडा ०.४३७५ होतो, म्हणजे साडेतीनपट. हिशेब करून पाहा: बटण शेवटपर्यंत धरलं तर ३२ फ्रेममध्ये, साधारण अर्ध्या सेकंदात, तो ६४ पिक्सेल चढतो. एक वीट १६ पिक्सेलची, म्हणजे बरोबर चार विटा. धावत येऊन मारली तर पाच. बोट लवकर उचललंत, तर उडी तिथेच आखूड होते. शिवाय हवेत असतानाही त्याला मागे-पुढे वळवता येतं. न्यूटनच्या नियमात हे बसत नाही, पण बोटाला हवं ते नेमकं मिळतं. आजही उड्यांचे खेळ बनवणारे चढताना हलकं आणि उतरताना जड गुरुत्वाकर्षण सर्रास वापरतात. ही उडी जुनी झालेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो.

मग भाचा पडला का?

जुन्या डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडदा ओळीओळीने रंगवत जायचा. यंत्राकडून संकेत आला की त्याच क्षणी ती ओळ काचेवर उमटायची. मध्ये साठवण नाही, प्रक्रिया नाही. नवा टीव्ही आधी संपूर्ण चित्र साठवून घेतो, ते मोठं करतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. जुन्या पद्धतीचा संकेत असेल तर कित्येक टीव्ही त्याला सम-विषम ओळींत विभागलेलं चित्र समजतात आणि त्या जोडत बसण्यात आणखी वेळ घालवतात. असा उशीर साठत साठत १०० मिलिसेकंदांच्या घरात सहज जातो. मारिओ पूर्ण वेगाने दर फ्रेमला अडीच पिक्सेल धावतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर १०० मिलिसेकंद म्हणजे ६ फ्रेम, म्हणजे १५ पिक्सेल. जवळपास एक वीट! पोराला मारिओ कड्याच्या काठावर दिसत होता, तेव्हा खेळाच्या हिशेबात तो खड्ड्यावर पोचलेला होता.

मेंदूला हा उशीर इतका का खुपतो? कारण खेळताना आपण दिसल्यावर प्रतिक्रिया देत नाही, पुढचं आधीच ओळखून बोट हलवतो. आरतीला घुमट वाजवणाऱ्याच्या कानात त्याचीच थाप उशिरा पोचली तर मुरलेला हातही अडखळेल, तसंच हे. बदकं मारायच्या खेळातली बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही, तिच्या मुळाशीही हेच: चाप ओढल्यावर ठरावीक क्षणी पडद्यावर पांढरा चौकोन दिसायला हवा, आणि तो वेळेवर येतच नाही.

डोळ्यांचंही नुकसान होतं. डबा टीव्हीवर प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा. सपाट पडद्यावर चित्र पुढची फ्रेम येईपर्यंत तसंच थांबतं, आपली नजर मात्र पुढे सरकत असते. म्हणून धावती पार्श्वभूमी फिसकटल्यासारखी दिसते.

आता मोठ्यांबद्दल. "हात पूर्वीसारखे चालत नाहीत" असं चाळिशीतले सगळेच म्हणतात. गोव्यात नव्वदच्या दशकात म्हापशाच्या बाजारातून घरी आलेला टीव्ही गेम अस्सल जपानी नव्हता, ती नक्कल होती. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. त्यांच्यासाठी बनलेल्या बहुतेक नकला खेळही ५० फ्रेमनेच चालवायच्या. या खेळाचं घड्याळ, शत्रू, संगीताची लय सगळं फ्रेमवर बेतलेलं. त्यामुळे सगळंच एकसारखं संथ व्हायचं. पडद्यावरचा वेळाचा एक आकडा २४ फ्रेमनी घटतो. ४०० चा टप्पा जपानी मुलाला १६० सेकंद द्यायचा, आपल्याला १९२. आज तोच खेळ ६० फ्रेमने समोर येतो, म्हणजे लहानपणी हाताला बसलेल्या वेगापेक्षा वीस टक्के जलद, आणि वर टीव्हीचा उशीर. यात वयाला दोष देणं अन्यायाचं आहे.

खेळात शिळं झालेलं काहीच नाही, असंही नाही. प्रगती साठवायची सोय नाही. सातव्या जगातल्या, म्हणजे टप्प्यांच्या सातव्या गटातल्या, किल्ल्यात चुकीची वाट धरली की तीच जागा पुन्हा पुन्हा येते, आणि का ते खेळ सांगत नाही. तो मला आजही नुसता वेळकाढूपणा वाटतो. जीव संपले तर सुरुवातीच्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबावं, त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून सुरू करता येतं. ही सोय मुलांना जरूर सांगा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू केला की बरीचशी प्रक्रिया बंद होते. फरक मोजायचा असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रं घेत, बोट आणि पडदा एकत्र टिपा. बटण खाली गेल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंतची चित्रं मोजा. दर चित्राला साधारण ४ मिलिसेकंद. खेळ स्वतः एक-दोन फ्रेम घेतो, म्हणजे या मोजणीतली आठेक चित्रं त्याची. त्यावरची सगळी टीव्हीच्या आणि मध्ये जोडलेल्या उपकरणांच्या खात्यावर मांडा.