पार्ट पेमेंट केलं होतं, तरी हप्ता चुकला कसा?

जुलै हा माझ्याकडे रिटर्न भरायचा हंगाम. लग्नाचे फोटोग्राफर, साउंडवाले, मेकअप आर्टिस्ट, म्हणजे ज्यांची कमाई ठरलेल्या तारखेला येत नाही अशी मंडळी कागद घेऊन येतात, आणि त्यात दरवर्षी एक तरी जण बँकेवर चिडलेला असतो. यंदा एक फोटोग्राफर होता. खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. ५ तारखेचा गृहकर्जाचा हप्ता अपुऱ्या शिलकीमुळे परत गेल्याचा मेसेज.

"सर, मे महिन्यात दोन लाख भरलेत मी यांच्याकडे. सात हप्त्यांचे पैसे पडून आहेत त्यांच्याजवळ. मग हप्ता चुकला कसा?"

पडून नव्हतेच ते. भरले त्याच दिवशी मुद्दलात जिरले.

पार्ट पेमेंट आणि आगाऊ हप्ता यांतला हा घोळ मी इतक्या वेळा सोडवलाय, की एकदाचा लिहूनच टाकतो. हप्ता कसा चालतो हे तुम्हाला माहीतच आहे: आधी महिन्याचं व्याज, उरलेलं मुद्दलात. पार्ट पेमेंटचा हप्त्याशी संबंध नाही. ते सगळंच्या सगळं मुद्दलातून वजा होतं, कर्ज तेवढं लहान होतं, व्याज कमी लागतं. पण पुढच्या महिन्याचा हप्ता पुढच्या महिन्यात द्यायचाच असतो. आगाऊ हप्ता याच्या उलट. त्यात पैसे पुढच्या देण्यांसाठी बाजूला धरले जातात आणि तारीख आली की वळते होतात. तोवर व्याजात सूट मिळेलच असं नाही. सगळीकडे ही सोय असतेही असं नाही. कर्जखात्यात जास्तीची रक्कम आली तर ती कशी धरायची, याची प्रत्येक बँकेची रीत वेगळी. म्हणून लेखी विचारावं. काउंटरवरच्या "हो हो, होतं ॲडजस्ट"वर विसंबू नये.

या गोंधळाचं खापर मी एका सल्ल्यावर फोडतो: "वर्षाला एक जादा हप्ता भरा आणि कर्ज लवकर फेडा." रील्सवाले दिवसरात्र हेच सांगतात. सल्ला खोटा नाही, शब्द खोटा आहे. तो जादा 'हप्ता' हप्ताच नसतो, हप्त्याएवढ्या रकमेचं पार्ट पेमेंट असतं. पगारदाराला फरक पडत नाही, कारण पुढच्या एक तारखेला पगार जमा होणारच. ज्याची मे अखेरपर्यंत धावपळ आणि आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत शुकशुकाट, त्याला मात्र तो एक शब्द महागात पडतो.

आकडे बघा. कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं, व्याज ८.५ टक्के धरलं तर हप्ता साधारण २६,०३५ रुपये. सुरुवातीलाच दोन लाखांचं पार्ट पेमेंट केलं आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत जवळजवळ तीन वर्षांनी घटते. घसघशीत फायदा आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो फायदा सतरा वर्षांनी हातात येणार आणि हप्ता येत्या ५ तारखेला. तेच दोन लाख वेगळ्या खात्यात ठेवले असते तर सात हप्ते निघून वर १७,७५५ रुपये उरले असते. सगळा चातुर्मास निभला असता.

"पण व्याज बुडतं ना!" बुडतं, थोडं. ठेवीवर ६ टक्के मिळतात असं धरलं, तर दोन लाखांवर वर्षाचा फरक पाच हजारांचा, आणि दर महिन्याला त्यातून हप्ता जात असेल तर त्याहून कमी. मला ते विम्याचे पैसे वाटतात. अनियमित कमाईच्या माणसाने सहा हप्ते हाताशी असल्याशिवाय पार्ट पेमेंट करू नये, या मतावरून मी हलत नाही. आणि क्रेडिट कार्डाची बाकी पूर्ण न भरता पुढच्या महिन्यावर फिरवत असाल तर गृहकर्जाच्या पार्ट पेमेंटचं नावच काढू नका. तिथे वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहून जास्त व्याज चालू असतं आणि तुम्ही साडेआठ टक्क्यांचं फेडायला निघालात.

हप्ता परत गेला की आधी किरकोळ मार बसतो: दोन्हीकडच्या बँकांचं शुल्क, वर जीएसटी. १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने दंडव्याज बंद करून त्याजागी दंडशुल्क आणलंय. ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. थकलेल्या रकमेवरचं नेहमीचं व्याज मात्र चालूच राहतं. खरा धोका दिवसांच्या मोजणीत आहे. ३० दिवस, ६० दिवस अशा पायऱ्या चढत थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादित, थकीत कर्ज. त्याच बँकेत तुमचं वाहनकर्ज अगदी वेळेवर चालू असलं तरी तेही सोबत जातं, कारण एनपीए कर्जदारावरून ठरतो. त्यानंतर बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस काढू शकते.

इथे आणखी एक गैरसमज चिकटलेला असतो: "एक हप्ता भरला की खातं पुन्हा सुरळीत." ९० दिवसांच्या आत एक जुना हप्ता भरलात तर मोजणी थोडी मागे येते, हे खरं. पण एकदा एनपीए झाल्यावर, थकलेलं सगळं व्याज आणि मुद्दल भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. दोन लाखांचं पार्ट पेमेंट आधी केलेलं आहे, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. आमच्या फोटोग्राफरचा एकच हप्ता चुकला होता. भावाकडून उसने घेऊन त्याने तो आठवड्यात भरला.

पार्ट पेमेंट करायचंच असेल तर मुदत कमी करू नका, हप्ता कमी करून घ्या. हे म्हटलं की ऐकणारे दचकतात, कारण सगळे उलटं सांगतात. गणिताने ते बरोबरही आहेत. दोन लाख भरून मुदत २० वर्षंच ठेवली तर हप्ता २४,३०० च्या आसपास येतो, म्हणजे महिन्याला सतराशे-अठराशेच वाचतात आणि एकूण व्याज जास्त जातं. पण लहान हप्ता ही तुमची किमान बांधिलकी झाली. चांगल्या महिन्यात त्याहून जास्त भरायला कोणी अडवत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. उलट मुदत कमी करून बसलात आणि वाईट वर्ष आलं, तर ती पुन्हा वाढवून मागणं म्हणजे अडचणीतल्या कर्जाची पुनर्रचना ठरू शकते, आणि त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये होते.

ज्यांना व्याजाची बचत आणि हाताशी पैसा, दोन्ही हवंय त्यांच्यासाठी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं. जादा पैसे त्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की काढताही येतात. दर सहसा थोडा चढा असतो. हात सैल असेल तर मात्र या वाटेला जाऊ नये. काढता येतात म्हणून काढलेच जातात.

प्री-ईएमआय ही तिसरीच भानगड. घर बांधून होईस्तोवर, दिल्या गेलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज. नावात 'प्री' आहे म्हणून कोणी ते आगाऊ हप्ता समजलं, तर दोष नाव ठेवणाऱ्याचा.

फोटोग्राफरने जाताना बँकेला द्यायचा अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला. मे महिन्यात भरलेल्या दोन लाखांपोटी मुदत कमी न करता मासिक हप्ता कमी करावा आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक द्यावं, एवढंच त्यात आहे. बँक मागच्या तारखेने हे करून देईल की पुढच्या पार्ट पेमेंटपासून, ते अजून कळायचंय. पोच मात्र त्याने शिक्क्यासकट घेतली आणि फोटो काढून मला पाठवला. छान उजेडात काढलाय.