नाला, गटार आणि ‘खोलीकरण’ : वस्तीत पाणी शिरण्यामागचा इतिहास

खान्देशात पुराचा विषय निघाला की बोलणं लगेच तापी, गिरणा, पांझरेवर जातं. १८७२ साली पांझरेला आलेल्या पुरात धुळ्याची मोठी हानी झाली, हे जुन्या सरकारी नोंदींत आहेच. कॉलनीतल्या घरात गुडघाभर पाणी येतं ते मात्र बहुतेक वेळा नाल्याचं असतं. त्या नाल्याचं नाव घरमालकालाही ठाऊक नसतं.

पाट-बंधाऱ्यांच्या काळाबद्दल थोडक्यातच सांगतो. पांझरेच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या जुन्या व्यवस्थेत, पाटातलं जादा पाणी नदीत परत सोडायला वाट ठेवलेली असे. तिला ‘सांडम’ म्हणत. पाणी आणायची वाट आखतानाच ते घालवायची वाटही आखली जाई. पुढे १८६० च्या दशकात रेल्वे आली. सातमाळा डोंगरांकडून उतरणारे प्रवाह चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या पट्ट्यात रुळांच्या भरावाखालून मोऱ्यांतून जाऊ लागले. त्यानंतर रस्त्यांचे भराव वाढत गेले आणि प्रवाहाची रुंदी मोरीच्या मापावर येऊन बसली.

खरा बदल गेल्या चाळीस वर्षांतला. आपल्याकडे वर्षाला सरासरी ६००-७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत. आठ महिने नाला कोरडा. कोरडी जमीन मोकळीच वाटते, म्हणून तिथे आधी उकिरडा, मग भराव, मग प्लॉट. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी फारसं मुरू देत नाही, सगळं वरूनच धावतं. आमच्या आत्याच्या कॉलनीत नाल्याच्या जागी दोन ह्यूम पाइप (सिमेंटचे गोल नळ) टाकून वर रस्ता केलेला. एका पावसाळ्यात त्या पाइपांच्या तोंडाशी केळीची खोडं, एक गोधडी आणि प्लास्टिकचा गोळा अडकला. तासाभरात पाणी देवघराच्या पाटाला लागलं. शेजारच्या आजी ओट्यावरून एवढंच म्हणाल्या, “आठे नाला व्हता, भाऊ.” म्हणजे, इथे नाला होता.

इथे शब्दांचा गुंता सुरू होतो. गावनकाशावर जो नाला, तो शहराच्या कागदांवर हळूहळू ‘गटार’ होतो. गटार म्हटलं की ते बांधायचं, झाकायचं, अरुंद करायचं. त्याचं माप घरांच्या सांडपाण्यावरून ठरतं. वरच्या शिवारातून येणारं पाणी हिशोबातच नसतं. राज्यात १९८९ पासून नदीकाठाला पूररेषांचा नियम आहे. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. वस्तीतल्या नाल्याच्या वाट्याला अशी रेषा क्वचितच येते.

दुसरा गुंता ‘खोलीकरण’ या शब्दाचा, आणि तो खान्देशातच वाढला. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद-खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वरचा चिकण थर कापून पाणी खालच्या वाळूपर्यंत पोचवायचं, ही त्यामागची कल्पना. कोरड्या विहिरींना त्याने पाणी दिलं, ते नाकारता येणार नाही. पण हा उपाय दुष्काळावरचा होता. नंतर राज्यभर तोच शब्द गाजला, कठीण खडकाच्या भागातही जेसीबी पोचले, त्यावर भूजलाच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले. तिकडे शहरांत त्याच यंत्राच्या कामाला ‘पूर नियंत्रण’ म्हटलं जाऊ लागलं.

माझं मत स्पष्ट आहे : ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेची आहेत. एकात पाणी थांबवायचं असतं, दुसऱ्यात ते निर्धोक पुढे न्यायचं असतं. वरचा नाला खोल केला आणि खालची मोरी तशीच ठेवली, तर पाणी आधीपेक्षा लवकर येऊन त्या मोरीशी तुंबतं. खणलेली माती काठावरच टाकली तर पहिल्या मोठ्या पावसात परत आत. मे महिन्यातल्या नालेसफाईचंही हेच होतं.

३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावने पाण्याची वाट अरुंद झाल्याची किंमत मोजली. कन्नड घाट आणि पाटणादेवीच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला, घाटात दरड आली, डोंगरी आणि तितूर या नद्या एकाच वेळी फुगल्या. त्या दोघी शहरातच मिळतात. दुकानं बुडाली, गावोगाव जनावरं दावणीलाच मेली. त्यानंतर पात्रातल्या अतिक्रमणांची चर्चा पेटली. धुळ्यात पांझरेच्या काठालगत झालेल्या रस्त्यांवरही असाच वाद आहे. वाहतुकीला ते सोयीचे आहेत, पण भराव पात्राकडे सरकला की पाण्याची जागा कमी होते, हे ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर अनेकांनी बोलून दाखवलं.

आता ‘नाला पुनरुज्जीवन’ हा शब्द आराखड्यांत येतोय. त्याखाली पुन्हा दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि वर स्लॅब येणार असेल, तर ते गटारच. पुनरुज्जीवन म्हणजे भूमापनात नाल्याची मूळ हद्द शोधणं, काठाचा उतार मोकळा ठेवून त्यावर गवत-झाडं धरणं, सांडपाण्याची वाहिनी वेगळी काढणं. कामाचा क्रमही खालून वर हवा : आधी नदीला मिळतं ते तोंड, मग मोऱ्या, शेवटी वस्तीतला भाग. आत्याच्या कॉलनीत पाइपांच्या जागी पेटीसारखी मोरी मंजूर झाली आहे. तिच्या खाली, दोनशे पावलांवर, अजून तेच दोन पाइप आहेत.