क्रम लागला म्हणजे वेळ ठरली नव्हे

विमानांच्या लँडिंगवर ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे गणिताने सर्वोत्तम पर्याय शोधण्याचा, प्रोजेक्ट केला की शेवटच्या पानावर हमखास एक यादी असते: आधी हे विमान, मग ते, मग तिसरे. वर मथळा ‘ऑप्टिमल शेड्यूल’. अहो, तो नुसता क्रम आहे. वेळापत्रक म्हणजे काय, हे स्वारगेटच्या फलाटावर ताटकळलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही: कोण येणार आणि किती वाजता. (‘स्लॉट’ हा शब्द इथे मुद्दाम टाळला आहे. विमान कंपन्यांना हंगामापुरते मिळणारे स्लॉट ही वेगळीच भानगड.)

घोळ गणितातून सुरू होतो. विमानांच्या प्रत्येक जोडीसाठी एक हो-नाही चल (व्हेरिएबल) घ्यायचा: हे विमान त्याच्या आधी उतरणार का? 10 विमानांच्या 45 जोड्या होतात, आणि क्रम 36,28,800. सॉल्व्हरचा, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, घाम इथेच निघतो. क्रम पक्का झाला की उरतो तो साधा रेषीय प्रोग्राम (फक्त सरळ बेरीज-वजाबाकीच्या अटींचे गणित), पापणी लवायच्या आत सुटणारा. म्हणून लोक वेळेला उरलेसुरले काम समजतात.

क्रमाला महत्त्व येते ते दोन विमानांत राखायची अंतरे, कोण पुढे यावर, बदलत असल्यामुळे. वजनानुसार विमानांचे वर्ग असतात: हेवी म्हणजे अवजड, मीडियम म्हणजे मध्यम. हेवी विमानाच्या मागे हवेत भोवरे राहतात. म्हणून हेवीमागे मीडियम असेल तर 5 सागरी मैल, हेवीमागे हेवी असेल तर 4. मीडियमच्या मागे यापैकी कुणीही असो, रडारचे किमान अंतर पुरते. ते 3 मैल धरू. 140 नॉट (तासाला 140 सागरी मैल) वेगाला ही अंतरे अनुक्रमे 129, 103 आणि 77 सेकंदांची होतात. तीन हेवी, तीन मीडियम आलटूनपालटून उतरवली, पहिले हेवी, तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 541 सेकंद लागतात. आधी सगळी मीडियम, मग सगळी हेवी, तर 437. म्हणजे 104 सेकंद वाचले, एक विमान सहज बसते.

आता हेच गणित पुण्याच्या लोहगाव विमानतळाला लावू. इथे येणारी ए-320, बोइंग 737 आणि एटीआर, तिन्ही मीडियम. दोन मीडियममधले भोवऱ्यांचे अंतर कुणीही पुढे असले तरी तेच, त्यामुळे क्रम कितीही पिसला तरी धावपट्टीची क्षमता जवळपास तेवढीच राहते. परदेशी विमानतळाचा हेवींनी भरलेला डेटा घ्यायचा आणि निष्कर्ष पुण्याचा काढायचा, हा प्रकार बघवत नाही.

लोहगावला खरा प्रश्न वेळेचा आहे, कारण तळ हवाई दलाचा आणि ट्रॅफिक कंट्रोलही त्यांचाच. समजा अ, ब, क ही तीन मीडियम विमाने 0, 77 आणि 300 व्या सेकंदाला उतरू इच्छितात, आणि क फार तर 150 ला पोचू शकते. अडथळा नसेल तर क ला 300 लाच उतरवा. ‘शक्य तितके लवकर’ म्हणून 154 ला खेचले तर इंधन जादा जळते आणि मागे कुणी नसेल तर फायदा शून्य. पण हवाई दलाच्या सरावासाठी धावपट्टी 240 ला बंद होणार असेल तर? कमाल वेळ 240 लिहिणारे इथे चुकतात. उतरून धावपट्टी मोकळी करायला 50 सेकंद धरले तर मर्यादा 190, आणि क ची योग्य वेळही 190. अ, ब, क हा क्रम दोन्हीकडे तोच आहे, वेळापत्रके मात्र दोन.

वाराही तेच करतो. समोरून 20 नॉटचा वारा असला की जमिनीवरचा वेग 120 नॉट, मग तेच 3 मैल 77 ऐवजी 90 सेकंद खातात. क्रम जागच्या जागी, वेळा सगळ्या पुढे. सेपरेशन, म्हणजे दोन विमानांतले किमान अंतर, सेकंदांत एकदाच टाइप करून विसरू नका.

‘बिग एम’ला, म्हणजे क्रम उलटा असेल तेव्हा सेपरेशनची अट निष्प्रभ करणाऱ्या मोठ्या आकड्याला, 10 लाख देण्याची सवयही सोडा. पुढच्या विमानाची कमाल वेळ अधिक सेपरेशन वजा मागच्याची किमान वेळ, एवढा एम पुरतो. तो फुगवला की रिलॅक्सेशन (हो-नाहीची सक्ती काढून सॉल्व्हर आधी सोडवतो ते सोपे गणित) ढिले पडते, आणि सॉल्व्हर रात्रभर चालला की दोष लॅपटॉपला.

सर्वांत लपून बसणारी चूक मात्र शेजारच्या जोड्यांपुरतेच अंतर तपासण्याची. नुसती उतरणारी विमाने असतील तर बहुधा निभावते. उड्डाण मध्ये घातले की फसते: हेवी उतरले, 55 सेकंदांनी एक विमान उडाले, आणखी 60 सेकंदांनी मीडियम उतरले. शेजारच्या दोन्ही जोड्या नियमात, पण हेवी आणि मीडियममध्ये 129 ऐवजी 115 सेकंदच राहिले. प्रोग्राम खुशाल ‘फीजिबल’, म्हणजे सगळे नियम पाळले, असे छापतो.