जपान ‘कुणाच्याही मदतीविना’ उभा राहिला?

‘महायुद्धात बेचिराख झालेला जपान कुणाची मदत न घेता, निव्वळ शिस्तीवर उभा राहिला’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. कष्टांचा भाग खराच. पण १९४६ ते १९५१ दरम्यान अमेरिकेतून धान्य, खत, कच्चा माल असा सुमारे दोन अब्ज डॉलरचा पुरवठा झाला. १९५० च्या कोरियन युद्धामुळे कारखान्यांना भरपूर ऑर्डरी मिळाल्या. भारतानेही १९५२ च्या तहात युद्धभरपाईवर पाणी सोडलं (हे मेसेजमध्ये कधीच नसतं!). शिवाय व्यवस्थाच बदलली: कुळांना जमिनी, १९४६ मध्ये स्त्रियांचं मतदान, १९४७ मध्ये नवी राज्यघटना. पडताळायचंय? १९६४ मध्ये धावलेल्या शिंकान्सेनचा (जपानच्या बुलेट ट्रेनचा) खर्च शोधा. त्यात १९६१ चं ८ कोटी डॉलरचं परदेशी कर्ज दिसेल.