एक काडी कमी पडली आणि ‘इमोजेन’ झाली

सायमन फोरमन हा लंडनमधला ज्योतिषी आणि वैद्य. १६११ साली तो शेक्सपिअरची नाटकं पाहायला जायचा आणि त्यांची टिपणं वहीत लिहून ठेवायचा. ‘सिम्बेलीन’ पाहिल्यावर त्याने नायिकेचं नाव लिहिलं ‘इनोजेन’. त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला. पुढे १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह छापून आला, तेव्हा हीच राजकन्या पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत ‘इमोजेन’ झालेली होती.

अनेक अभ्यासकांच्या मते गोंधळ हस्ताक्षरात झाला. त्या काळच्या इंग्रजी मोडी वळणात ‘एन’ म्हणजे दोन आखूड उभ्या काड्या आणि ‘एम’ म्हणजे तीन. ‘इनोजेन’च्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘आय’नंतर ‘एन’ लागोपाठ दोनदा येतो, म्हणजे ओळीने चार काड्या. शाई फिकी पडली, काड्या एकमेकींना चिकटल्या, की चारच्या तीन दिसायला कितीसा वेळ लागतो? यावर नेहमीची शंका अशी की एकच चूक अख्ख्या नाटकभर कशी होईल? पण नक्कल करणारा माणूस नाव दर वेळी अक्षर लावून वाचत नाही. पहिल्यांदा जे वाचलं तेच तो पुढे लिहीत जातो. उलट चूक मधूनमधून झाली असती, तर छापखान्यातल्या कुणाच्या तरी नजरेत आली असती.

फोरमनच्या वहीखेरीज आणखीही पुरावे आहेत. शेक्सपिअरने ब्रिटनच्या दंतकथा ज्या होलिनशेडच्या बखरीतून उचलल्या, तिच्यात ब्रिटनचा कल्पित पहिला राजा ब्रूट याच्या बायकोचं नाव इनोजेन आहे. शेक्सपिअरच्याच ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकाच्या १६०० सालच्या छापील प्रतीत रंगसूचनांमध्ये लिओनाटोची बायको म्हणून एक इनोजेन येते. तिला संपूर्ण नाटकात एकही वाक्य नाही. शेक्सपिअरने पात्र योजलं आणि नंतर सोडून दिलं असावं. आणि ‘सिम्बेलीन’मधल्या राजकन्येच्या नवऱ्याचं नाव काय, तर पोस्थ्युमस लिओनाटस. लिओनाटो-इनोजेन ही जोडी नाटककाराच्या डोक्यात घोळत होती, असं मानायला माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

नावांच्या पुस्तकांत इमोजेनचा अर्थ ‘मुलगी, कन्या’ असा सापडतो. तो खरा तर इनोजेनचा, आणि त्याचं मूळ केल्टिक भाषांत शोधलं जातं. आयरिशमध्ये मुलीला आजही ‘इनीन’ म्हणतात, जुन्या आयरिशमध्ये ‘इंगेन’ म्हणत. याहून जुनं रूप दगडावर कोरलेलं आहे. वेल्समधल्या एग्लविस गिमिन इथल्या चर्चमध्ये एक शिळा आहे. तिच्यावर एकच मजकूर लॅटिनमध्ये आणि ओघम या रेघांच्या लिपीत आहे. लॅटिन बाजूला ‘फिलिया’, म्हणजे कन्या, आणि त्याच जागी ओघममध्ये ‘इनिगेना’. शिळा साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली. नाव आणि हा शब्द यांचं नातं ध्वनिसाम्यावर उभं आहे, पण साम्य दुर्लक्ष करण्याजोगं नाही. दुसरी व्युत्पत्ती लॅटिन ‘इनोसेन्स’, म्हणजे निष्पाप. नाटकातल्या नायिकेवर तिच्या निष्ठेबद्दल खोटा आळ येतो, तेव्हा हा अर्थ तिला शोभतो खरा, पण मला तो मागाहून चिकटवलेला वाटतो.

भाषेचा भाग इथे सोडतो, कारण या नावातली खरी गंमत जीवशास्त्रात आहे. नक्कल करताना एखादं अक्षर बदलणं आणि बदललेलं अक्षर पुढच्या सगळ्या प्रतींत जाणं, याला जनुकांच्या बाबतीत उत्परिवर्तन म्हणतात. नवं उत्परिवर्तन एकाच जीवात असतं, म्हणून त्याचं भवितव्य फार बिकट असतं. हा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो आडनावांसाठी. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये प्रश्न विचारला की आडनावं नष्ट का होतात, आणि हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञाबरोबर १८७४ मध्ये त्याचं उत्तर छापलं. (उत्तरात चूक होती. वॉटसनच्या मते सगळीच आडनावं कधी ना कधी संपणार होती.) पुढे रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने हीच पद्धत उत्परिवर्तनांना लावली. समजा, एका व्यक्तीकडे एक नवं रूप आहे आणि पुढच्या पिढीत त्याच्या सरासरी एकच प्रत जाते. तर पहिल्याच पिढीत ते नाहीसं होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, दुसऱ्या पिढीअखेर ५३ टक्के. शंभरेक पिढ्यांनंतर अशा शंभरांतली जेमतेम दोन रूपं शिल्लक राहतात. ज्याचा काही तोटा नाही असं रूपही केवळ नशिबाने बुडतं.

इमोजेन बुडाली नाही, कारण तिची प्रत एकाच ठिकाणी नव्हती. संग्रहाच्या शेकडो प्रती निघाल्या होत्या आणि पुढच्या आवृत्त्यांनी तेच रूप उचललं. तरी पुस्तकातलं नाव पाळण्यापर्यंत पोचायला फार काळ गेला. १८०० च्या आसपास इंग्लंडमध्ये जवळजवळ दर चौथी मुलगी मेरी होती आणि उरलेल्यांतल्या बहुतेकींची सोय मोजक्या नावांत लागत असे. अशा समाजात नाटकातलं नाव ठेवायला धाडस लागतं. वारा फिरला तो एकोणिसाव्या शतकात. कवी जॉन कीट्सने १८१८ च्या एका पत्रात कवीला ‘ऑथेल्लो’मधला खलनायक इयागो रंगवण्यात जेवढा आनंद तेवढाच इमोजेन रंगवण्यात, असं लिहिलं. कवी टेनिसन १८९२ मध्ये वारला तेव्हा त्याच्या शवपेटीत ‘सिम्बेलीन’ची प्रत ठेवली होती. १८९६ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात एलेन टेरीने इमोजेन उभी केली. अमेरिकेत १८८३ साली जन्मलेली छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम आणि इंग्लंडमध्ये १९०७ साली जन्मलेली संगीतकार इमोजेन होल्स्ट या त्याच लाटेतल्या मुली. अमेरिकेत तर या रूपाचंही पुन्हा उत्परिवर्तन झालं. शेवटी एक ‘ई’ लागला, उच्चार ‘इमोजीन’ झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हेच रूप जास्त चाललं. १९०८ साली जन्मलेली विनोदी अभिनेत्री इमोजीन कोका हे त्याचं ठळक उदाहरण.

आता प्रश्न असा की नाव वर चढतं ते त्याच्या गुणांमुळे की निव्वळ योगायोगाने? मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या बाळांच्या नावांची आकडेवारी तपासली. आईबाप आसपासच्या नावांतलं एखादं कसलाही विचार न करता उचलतात आणि क्वचित कुणीतरी नवं नाव काढतं, एवढंच त्यांनी गृहीत धरलं. जीवशास्त्रातलं मोतोओ किमुरा यांचं तटस्थ उत्क्रांतीचं, म्हणजे गुणदोषांशिवाय निव्वळ योगायोगाने होणाऱ्या बदलांचं, गणित नेमकं हेच सांगतं. त्या गणितातून निघालेलं चित्र खऱ्या आकड्यांशी जुळलं. मूठभर नावं खूप मुलांना आणि असंख्य नावं थोड्याथोड्यांना. दशकागणिक नावं बदलत गेली, पण विभागणीचा आकार तोच राहिला. मुलींच्या बाबतीत नवी नावं काढण्याचा दर मुलांपेक्षा जास्त निघाला. आपण फार विचार करून निवडलं असं मानणाऱ्या आईबापांना हे रुचणार नाही, पण गर्दीत त्यांचा विचार दिसतच नाही.

अर्थात चित्र जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. २०२२ मध्ये मिचेल न्यूबेरी आणि जोशुआ प्लॉटकिन यांनी वेगळा प्रश्न विचारला. नाव किती प्रचलित आहे यावर त्याची पुढची वाढ अवलंबून असते का? उत्तर ‘हो’ आलं. अमेरिकेत दहा हजारांत एखादं असलेलं नाव सरासरी वर्षाला १.४ टक्क्यांनी वाढतं, तर शंभरांत एकापेक्षा जास्त असलेलं नाव १.६ टक्क्यांनी घटतं. म्हणजे दुर्मीळ असणं हाच एक गुण ठरतो, आणि नाव चाललं की तो गुण संपतो. यात जोना बर्जर आणि गाएल ले मेन्स यांचं २००९ चं निरीक्षण जोडायला हवं. फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या नोंदींत झपाट्याने वर गेलेली नावं तितक्याच झपाट्याने खाली आली. हे नाव म्हणजे चार दिवसांची फॅशन, अशी शंका आली की लोक ते टाळतात.

इमोजेन या नियमात छान बसते. ती सावकाश वाढली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती बरीच वर्षं मुलींच्या पहिल्या शंभर नावांत राहिली आणि २०१० च्या दशकात पहिल्या पन्नासांतही होती. अमेरिकेत मात्र ती अजून विरळच. याद्या वाचताना एक भान ठेवावं लागतं. खासगीपण जपण्यासाठी इंग्लंड-वेल्सची यादी वर्षात तीनपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव गाळते आणि अमेरिकेची पाचपेक्षा कमी. नव्याने जन्मलेलं नाव सुरुवातीची वर्षं सरकारी आकड्यांत दिसतच नाही, आणि नेमकी तीच त्याची जगण्या-मरण्याची वर्षं असतात.

चूक दुरुस्त करण्याचाही प्रयत्न झाला. स्टॅन्ली वेल्स आणि गॅरी टेलर यांनी संपादित केलेल्या १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत नायिकेला ‘इनोजेन’ हे नाव परत मिळालं. संपादक म्हणून त्यांचं बरोबर होतं असं मला वाटतं. पण तोवर हे नाव नाटकातून निघून हजारो बायकांच्या जन्मदाखल्यांवर गेलं होतं आणि तिथे ते चुकीचं राहिलेलं नव्हतं. २०१६ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाने नाटकावर सिम्बेलीन राजाऐवजी त्याच्या मुलीचा हक्क सांगायचा म्हणून ‘सिम्बेलीन’चं शीर्षकच बदललं. ऑक्सफर्डची दुरुस्ती होऊन तीस वर्षं झाली होती, तरी त्यांनी नवं शीर्षक ठेवलं ‘इमोजेन’.