गोळ्यांच्या पुढचं काम

"आवाज येणं थांबलं, संशय घेणंही थांबलं. पण अंघोळीला ढकलावं लागतं. स्वतःचा चहासुद्धा करून घेत नाही." स्किझोफ्रेनिया झालेल्या तिशी-चाळिशीतल्या मुलाचे आईवडील डॉक्टरांसमोर बसले की थोड्याफार फरकाने हे बोलणं निघतंच. मग जरा खालच्या आवाजात पुढचं येतं, "आता तर बरा आहे. आता हा निव्वळ आळस."

हा आळस नाही. आजाराचा हा असा भाग आहे, ज्याच्यापर्यंत गोळ्या फारशा पोचत नाहीत.

भास आणि भ्रम डोळ्यांत भरतात, म्हणून आपण त्यांनाच आजार समजतो. १९५२ साली क्लोरप्रोमझीन वापरात आलं. तेव्हापासूनची जवळपास सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामात हस्तक्षेप करून ही लक्षणं आटोक्यात ठेवतात, आणि ती ठेवतात म्हणूनच पुढचं काही करता येतं. गोळ्या बंद करायचा विचार कुणीही करू नये. पण लक्ष टिकवणं, हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणं, कशानंतर काय करायचं हे ठरवणं, या क्षमता या आजारात मंदावतात आणि भास गेले तरी त्या आपोआप परत येत नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. रोजचं जगणं, कामधंदा, चार माणसांत वावरणं कितपत जमेल, याचा अंदाज भास-भ्रमांपेक्षा या क्षमतांवरून जास्त चांगला येतो, असं त्यातून पुढे आलं.

दुसरी गोष्ट उत्साहाची. चहाचा कप हातात दिला तर या माणसालाही चहा आपल्याइतकाच आवडतो. अडतं ते त्याआधी. 'चहा प्यायला मिळेल, बरं वाटेल' या कल्पनेनेच आपण गादीवरून उठतो. ही पुढच्या सुखाची ओढच या आजारात क्षीण होते. समोर असलेलं सुख घेता येतं, पण नसलेल्या सुखासाठी पाय उचलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे हुबेहूब आळसासारखं दिसतं. (गोळ्यांमुळे येणारी गुंगी किंवा नैराश्य हेही कारण असू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं.)

आता चहाच करायला घेऊ. आपल्याला ते एक काम वाटतं, पण त्यात पंधराएक कामं आहेत. पातेलं घ्यायचं, कपाने पाणी मोजायचं, लायटर शोधायचा, साखर किती, पावडर कधी, दूध ओतल्यावर लक्ष ठेवायचं, गॅस बंद करायचा, पकडीने पातेलं धरून गाळायचं. साखरेचा डबा शोधता शोधता आपण ओट्यापाशी कशाला आलो हेच निसटत असेल, तर "जा, चहा कर" या सूचनेचा काय उपयोग?

पुनर्वसनाचं काम करणारी माणसं अशा वेळी कामाचे तुकडे पाडतात आणि बऱ्याचदा शेवटच्या तुकड्यापासून शिकवतात. आईने चहा उकळून द्यायचा, मुलाने तो फक्त गाळायचा आणि प्यायचा. ते अंगवळणी पडलं की गॅस बंद करणं त्याच्याकडे. मग दूध घालणं, मग पावडर. असं मागे मागे सरकत एक दिवस पातेलं घेण्यापर्यंत यायचं. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. यात प्रत्येक वेळी काम पुरं होतं आणि लगेच चहा हातात येतो. ज्याच्या मनाला लांबचं सुख ओढत नाही, त्याच्यासाठी सुख दोन पावलांवर आणून ठेवलं जातं.

'चुकेल, मग शिकेल' हा आपला नेहमीचा सल्लाही इथे उलटा पडू शकतो. सवयीने लक्षात राहणारं या आजारात बरंचसं शाबूत असतं, पण 'मागच्या वेळी मी हे चुकलो होतो' ही आठवण कच्ची असते. त्यामुळे चूकच हाताला बसते. लॉस एंजेलिसच्या रॉबर्ट कर्न यांनी कामं शिकवताना चूक घडूच नये अशी रचना केली. अगदी सोपी पायरी, शेजारी सांगणारं माणूस आणि हळूहळू कमी होत जाणारी मदत. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा या लोकांची कामं सरस झाली.

टेक्सासमधल्या डॉन व्हेलिगन यांचा मार्ग वेगळा. मेंदू बदलेल याची वाट न पाहता घरच बदला, असं त्या म्हणतात. वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी, उद्याचे कपडे आतल्या कपड्यांसकट एकत्र काढून ठेवणं, गजर, न्हाणीघराच्या दारावर पाटी. ज्याला सुरुवातच करवत नाही त्याला अशा खुणा हव्यात. ज्याचं लक्ष चटकन भरकटतं, त्याच्यासमोरचा पसारा आधी उचलायला हवा, नाहीतर कपडे घालायला कपाट उघडेल आणि तीन शर्ट एकावर एक चढवेल. पाटी एकदा लावून भागत नाही, काही दिवसांनी ती भिंतीचाच भाग होते आणि दिसेनाशी होते. रंग बदलायचा, जागा बदलायची.

हे सगळं माणूस जिथे राहणार तिथेच व्हायला हवं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिकलेला चहा घरच्या ओट्यावर जमेलच असं नाही, कारण डबा वेगळा, शेगडी वेगळी.

इतका खटाटोप करून हाती काय लागतं, याचं सर्वांत ठोस उत्तर अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात मिळालं. १९५५च्या सुमारास तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातले २६९ रुग्ण असे होते, की नवं औषध देऊनही ते घरी जाण्याइतके सुधारले नव्हते. डॉ. जॉर्ज ब्रूक्स यांनी त्यांच्यासाठी पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला आणि त्यांना रुग्णालयाबाहेर राहायला घर, काम, पाठीशी माणसं मिळवून दिली. सरासरी ३२ वर्षांनी कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी त्यांना शोधून काढलं. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा निम्म्या ते दोन तृतीयांश लोकांमध्ये लक्षणीय सुधारणा झालेली होती किंवा ते बरे झालेले होते. असा कार्यक्रम न मिळालेल्या मेन राज्यातल्या रुग्णांशी पुढे तुलना झाली. त्यातही व्हर्माँटचे लोक कामात, लक्षणांत, समाजात मिसळण्यात पुढे होते. 'यांचं काही होणार नाही' असं ज्यांच्याबद्दल ठरून गेलं होतं, ती ही माणसं.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १९वं कलम सांगतं, की घरचे नेत नाहीत किंवा राहायला जागा नाही एवढ्यासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने २०१५ पासून वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेल्यांना चार-पाच जणांच्या गटाने साध्या वस्तीत भाड्याचं घर आणि मदतीला माणूस द्यायला सुरुवात केली. पुण्यात कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभारलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने धायरीला पुनर्वसन केंद्र काढलं. पण गरजेपुढे अशा जागा फारच थोड्या आहेत, आणि बहुतेक शुभार्थींसाठी (मानसिक आजार झालेल्या माणसांसाठी हा शब्द वापरतात) पुनर्वसन केंद्र म्हणजे त्यांचं घरच.

घरात दोन टोकं दिसतात. एकीकडे सतत बोलणी. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी सुरू केलेल्या अभ्यासांपासून पुन्हा पुन्हा दिसलंय, की घरात टीका आणि चिडचिड जास्त असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. दुसरीकडे आई सत्तरीची झाली तरी मुलाच्या ताटात कालवून देते. त्यामागची माया खरी आहे. पण 'आमच्या माघारी याचं कसं होणार?' हा प्रश्न याच आईला रात्री झोपू देत नाही.

सुरुवात कुठून करायची ते शुभार्थीला विचारावं. घरच्यांच्या यादीत पहिली अंघोळ असते, त्याच्या यादीत ती नसतेच. त्याला कदाचित वाचनालयात एकट्याने जाऊन पेपर वाचायचा असेल. मग तिथून धरावं. पहिल्यांदा सोबत जायचं, नंतर कोपऱ्यापर्यंत, मग दारातून निरोप. चार लोकांत जायचं म्हटल्यावर शर्ट बदलावासा वाटतो, दाढी आठवते, आणि अंघोळीचा विषय पुष्कळदा न काढताच मार्गी लागतो.